सरहद्द आणि बंदी : निजामी मुलखातील वृत्तपत्र-प्रतिबंधाचा कायदेशीर विचार

औरंगाबाद शहराच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) दिल्ली दरवाजातून बाहेर पडून अजिंठ्याच्या वाटेला लागले म्हणजे थोड्याच अंतरावर हर्सूल गाव लागते. गाव जुने आहे. शहरास पाणी पुरविणाऱ्या मलिक अंबरच्या नहरीशी ह्या परिसराचा संबंध येतो. हरसिद्धीदेवीचे देऊळ आणि तलाव ह्यांमुळे शहरातील लोकांचे येथे पूर्वापार जाणे-येणे आहे. तथापि मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या माणसापुढे ‘हर्सूल’ असे म्हणताच उभा राहतो तो तुरुंग. १९३८-३९ चे सत्याग्रह आणि १९४७-४८ चा अखेरचा लढा ह्या दोन्ही काळांत निजाम सरकारने ज्यांस राजद्रोही ठरविले अशा अनेकांची रवानगी ह्या तुरुंगात झाली. त्यांच्या त्यागाची वर्णने विपुल आहेत. परंतु त्यांच्यावरील आरोपांचा कायद्याच्या अंगाने विचार क्वचितच झालेला आहे. जे कृत्य मनमाडच्या फलाटावर निर्दोष होते, तेच सत्तर मैलांवरील औरंगाबादेत गुन्हा कसे ठरत होते, आणि ते कोणत्या बिंदूपासून तसे ठरू लागे, हा तो प्रश्न होय.

हैदराबाद संस्थानात सभाबंदीची परंपरा वृत्तपत्रबंदीहून अधिक ठळक आहे, म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे. खिलाफतीच्या चळवळीनंतर १९२१ साली निघालेल्या फर्मानाने राजकीय सभांना सरकारची पूर्वसंमती आवश्यक ठरली. पुढे १९२९ साली ‘गश्ती निशान ५३’ निघाली. गश्ती म्हणजे परिपत्रक. विधिमंडळात चर्चा होऊन संमत झालेला हा कायदा नव्हता. दफ्तरातून निघालेला हुकूम होता, आणि त्याने कोणतीही सार्वजनिक सभा अधिकाऱ्यांच्या परवानगीवर अवलंबून ठेवली. खाजगी शाळा आणि आखाडे ह्यांवरही अशाच गश्ती लागू होत्या. शाळा काढावयाची तर परवानगी, तालीम चालवावयाची तर परवानगी, आणि चार माणसांनी एकत्र बसून गाऱ्हाणे मांडावयाचे तर त्यासही परवानगी, अशी ही व्यवस्था होती.

ह्या व्यवस्थेस संस्थानातील पुढाऱ्यांनी जे पहिले उत्तर शोधले ते मोठे सरळ होते. आत सभा घेता येत नाही, तर ती बाहेर घ्यावयाची. हैदराबाद राजकीय परिषदेचे पहिले अधिवेशन १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसच्या अधिवेशनास जोडून भरले. दुसरे १९२६ साली मुंबईस, तिसरे १९२८ साली न. चिं. केळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास आणि चौथे १९३१ साली अकोल्यास झाले. परिषद हैदराबादची, प्रतिनिधी हैदराबादचे, ठराव हैदराबादविषयी, आणि मांडव मात्र परमुलखात. निजामाच्या प्रजाजनाने पुण्यास जाऊन बोलणे हा पुण्यात गुन्हा नव्हता, आणि पुण्यास जाणे हा हैदराबादेत गुन्हा नव्हता. गश्तीची भाषा सभेच्या जागेस बांधलेली होती. जागा बदलली की गश्ती निष्प्रभ होई.

अकोल्याचे अधिवेशन तर कायद्याच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटावे असे आहे. वऱ्हाड प्रांत तत्त्वतः निजामाचाच होता. १९०२ च्या करारान्वये तो इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने गेला होता, आणि पुढे १९३६ साली निजामाचे वऱ्हाडावरील स्वामित्व इंग्रजांनी पुन्हा कागदोपत्री मान्य करून युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. म्हणजे १९३१ साली अकोल्यात जमलेली मंडळी निजामाच्या राज्यकारभारावर टीका करीत होती ती निजामाच्याच नाममात्र भूमीवर. स्वामित्व एकाचे आणि कायदा दुसऱ्याचा, अशा ह्या स्थितीत गश्ती निशान ५३ तेथे पोहोचू शकत नव्हती. प्रतिबंध हा राजाच्या मालकीमागे जात नसून त्याच्या पोलिसांच्या हातामागे जातो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

वृत्तपत्रांची कथा अशीच, पण अधिक गुंतागुंतीची आहे. संस्थानात वृत्तपत्रे अगदीच नव्हती असे नाही. १९२० साली लक्ष्मणराव फाटक ह्यांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. तेलुगूत सुरवरम् प्रताप रेड्डी ह्यांची ‘गोलकोंडा पत्रिका’ आणि उर्दूत एम. नरसिंगराव ह्यांचे ‘रय्यत’ ही १९२० नंतरच्या दशकातीलच पत्रे होत. परंतु ही सर्व पत्रे दरबाराच्या मर्जीच्या परिघात वावरत होती. मराठवाड्यातील तालुक्याच्या ठिकाणी अंमलदाराने काय केले, जहागिरीत वेठ कशी चालते, कोणास कोणत्या कलमाखाली अडकविले, हे छापावयाचे तर छापखाना निजामाच्या हद्दीबाहेर असणे अपरिहार्य झाले. मराठवाड्याच्या भोवती अशी ठिकाणे सोयीची होती : पश्चिमेस मनमाड, अहमदनगर, पुणे, दक्षिणेस बार्शी व सोलापूर, उत्तरेस वऱ्हाडातील गावे.

ह्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा प्रयत्न आ. कृ. वाघमारे ह्यांचा. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक चालविले, ते पुण्यात छापून. पत्राच्या नावातच त्याचा वाचक कोठे आहे हे सांगितलेले होते. निजाम सरकारने त्यास संस्थानात बंदी केली. बंदीचा हुकूम विशिष्ट नावाच्या पत्रास लागू असे. तेव्हा वाघमारे ह्यांनी नाव बदलून तेच पत्र पुन्हा काढले. नव्या नावासही बंदी झाली, तेव्हा आणखी नवे नाव. हा क्रम बराच काळ चालला. संपादक तोच, मजकुराचा रोख तोच, वर्गणीदार तेच. बदले ते शिरोभागी छापलेले नाव.

नाव बदलून प्रतिबंध चुकविण्याचा हा मार्ग त्या काळी महाराष्ट्रात अपरिचित नव्हता. प्रभात कंपनीचा शिवकालावरील मूकपट ‘स्वराज्याचे तोरण’ १९३० च्या सुमारास सेन्सॉरपुढे अडला आणि ‘उदयकाल’ ह्या नावाने बाहेर आला. पण ह्या दोहोंत एक भेद आहे, आणि तो दृष्टीआड करून चालणार नाही. चित्रपटाचे नाव सेन्सॉरच्या संमतीने बदलले होते. येथे प्रतिबंधकाशी केलेली तडजोड होती. वाघमारे ह्यांच्या पत्राचे नाव प्रतिबंधकास न जुमानता बदलत होते. दरबाराच्या दृष्टीने ही धूळफेक होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र, ज्या नावाचा हुकूम निघालेला नाही ते पत्र, हुकूम निघेपर्यंत, बंदी घातलेले नव्हते. दंडविधानाचा अर्थ आरोपीच्या विरुद्ध ताणावयाचा नाही हे तत्त्व मानले, तर नव्या नावाचा पहिला अंक घेऊन येणारा मनुष्य निर्दोष ठरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोच मनुष्य तेच कृत्य करून अपराधी ठरतो. हैदराबादच्या न्यायालयांत हा युक्तिवाद कितपत टिकला असता हे निराळे. संस्थानात फर्मान हेच अंतिम प्रमाण होते.

आता वाहतुकीकडे वळावयाचे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा जाणारा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला होता. मनमाड हे नाशिक जिल्ह्यातील, म्हणजे इंग्रजी मुलखातील ठाणे. निजाम सरकारची स्वतःची जकात होती. तिला ‘करोडगिरी’ म्हणत, आणि हद्दीवर तिची नाकी असत. मालाच्या आयात-निर्यातीवर शेकडा पाच ह्या दराने कर घेणारी ही नाकी कागदपत्रांच्या तपासणीसही उपयोगी पडत. ह्याच्या जोडीस दुसरी एक विलक्षण गोष्ट होती. संस्थानातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या जमिनीवरील अधिकार निजामाने इंग्रजांस दिलेला होता. सिकंदराबाद आणि औरंगाबाद येथील छावण्यांतही इंग्रजी अंमल चाले. शिवाय निजामाचे स्वतःचे टपालखाते आणि तिकिटे असूनही संस्थानात इंग्रजांची टपालघरे निराळी होती.

ह्याचा परिणाम तत्त्वतः असा होतो की, मनमाडला गाडीत ठेवलेले वृत्तपत्रांचे गाठोडे औरंगाबाद स्टेशनच्या फलाटापर्यंत येईतो इंग्रजी अधिकारक्षेत्रातच प्रवास करीत असे. स्टेशनच्या फाटकाबाहेर पाऊल पडले की निजामाचा हुकूम लागू. छावणीत शिरले तर पुन्हा इंग्रजी कायदा, आणि छावणी ओलांडून शहरात आले की पुन्हा जरिद्यात प्रसिद्ध झालेली बंदी. दीड-दोन मैलांच्या वाटेत एकाच गाठोड्याचे कायदेशीर स्वरूप तीनदा पालटत होते. प्रत्यक्षात पोलीस इतका बारकावा पाळीत असतील असे मानण्याचे कारण नाही. तरीही बंदी मोडणाऱ्यांचा मार्ग ह्या फटींतून जात होता हे लक्षात घेतल्याशिवाय, एवढ्या कडक व्यवस्थेतूनही बाहेरची पत्रे आत कशी येत राहिली, ह्याचा उलगडा होत नाही.

येथे सहज असा समज होतो की, इंग्रजी मुलूख म्हणजे संस्थानी प्रजेस मोकळे रान. तो बरोबर नाही. संस्थानिकांची टीकाकारांपासून जपणूक करणे ही आपली जबाबदारी आहे असे इंग्रज सरकार मानीत होते. १९२२ साली ‘संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविण्यास प्रतिबंध’ करणारा कायदा करण्यात आला. मध्यवर्ती विधिमंडळाने हे विधेयक मांडू देण्यासच नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यांनी आपल्या खास अधिकारात ते प्रमाणित करून कायद्याच्या पुस्तकात घातले. ह्यान्वये संस्थानिकाविषयी अप्रीती निर्माण करणाऱ्या लेखनास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. १९३४ च्या दुसऱ्या कायद्याने १९३१ च्या मुद्रणविषयक आणीबाणी कायद्याची शस्त्रे, म्हणजे छापखान्याकडून जामीन मागणे, तो जप्त करणे, अंक सरकारजमा करणे, ही संस्थानांच्या कारभाराविषयीच्या लेखनासही लावली.

म्हणून पुण्यात छापलेले पत्र निजामाच्या हातून सुटले तरी मुंबई सरकारच्या हातात सापडण्याजोगे होते. परंतु ह्या १९३४ च्या कायद्यातच एक दार उघडे राहिले. द्वेषबुद्धीवाचून केलेले वस्तुस्थितीचे निवेदन गुन्हा होत नाही, अशा अर्थाचे स्पष्टीकरण त्यात होते. निजामास जुलमी म्हणण्यापेक्षा अमुक तालुक्यात, अमुक गावी, अमुक तारखेस काय घडले एवढेच छापणे अधिक सुरक्षित होते. सरहद्दीवरील पत्रकारितेत गावोगावच्या बातमीपत्रांना जे महत्त्व येते त्याच्या मुळाशी वाचकांची ओढ तर आहेच, पण कायद्याचा हा धाकही असावा असे अनुमान करण्यास जागा आहे. इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने ही इष्टापत्ती होय. घोषणांच्या अंकापेक्षा तपशिलांचा अंक आज अधिक उपयोगी पडतो.

१९३८ सालापासून संघर्ष उघड झाला. आदल्या वर्षी परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. म्हणजे सभा घेण्याचा हक्क आता संस्थानाच्या आतच बजावण्याचा निश्चय झाला होता. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. २४ ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल ह्यांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. स्वामी रामानंद तीर्थ कारावासात गेले. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना घालवून देण्यात आले, आणि ही चळवळ उस्मानिया विद्यापीठात पोहोचली. तेथून काढलेल्या विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक. येथेही तोच प्रकार दिसतो : उस्मानियाचा शिस्तभंगाचा हुकूम नागपुरास बांधील नव्हता. गीत एका विद्यापीठात अपराध होते आणि दुसऱ्यात नव्हते.

ह्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रह उभा राहिला. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरास त्याची परिषद झाली आणि पुढील वर्षी हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतून तुकड्या हैदराबादच्या हद्दीत शिरू लागल्या. १९३९ च्या उन्हाळ्यात औरंगाबाद येथे जी तुकडी पकडली गेली तिचे नायक महाशय कृष्ण होते. लाहोरच्या ‘प्रताप’ ह्या उर्दू दैनिकाचे ते संस्थापक-संपादक. १९१९ साली हे पत्र निघाले आणि अल्पावकाशातच पंजाबातील लष्करी कायद्याच्या तडाख्यात सापडून काही काळ बंद पडले होते. अशा रीतीने ब्रिटिश सेन्सॉरशी झगडलेला एक पंजाबी संपादक वीस वर्षांनी निजामाच्या औरंगाबादेत कैदी झाला. ह्या नावाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

१९४६ साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती फार काळासाठी नव्हे. १९४७-४८ मध्ये संस्थानाच्या सभोवती सरहद्द-ठाणी उभी राहिली. मराठवाड्याच्या बाजूचे मुख्य केंद्र मनमाड, आणि तेथील सूत्रधार गोविंदभाई श्रॉफ. त्या वर्षातील घटना शस्त्रांच्या आहेत, छापखान्याच्या नव्हेत. तरी एक उल्लेख अवश्य आहे. ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी हैदराबाद शहरातच राहून भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांची हत्या केली. ज्यांनी सरहद्दीपलीकडून लिहिले त्यांस पत्राचे नाव बदलावे लागले. ज्यांनी अलीकडे राहून लिहिले त्यांच्यापैकी एकास प्राण द्यावा लागला.

छापील कागदास नाके अडविते, ध्वनिलहरीस अडवीत नाही. म्हणून प्रतिबंधाचा कायदा नभोवाणीपुढे कसा वागला हे पाहणे ह्या विषयास सोडून नाही. मुंबईत ऑगस्ट १९४२ अखेर सुरू झालेली ‘काँग्रेस रेडिओ’ची गुप्त केंद्रे १२ नोव्हेंबरच्या छाप्याने संपली. खटला चालून उषा मेहता ह्यांस चार वर्षांची शिक्षा झाली. काही सहआरोपी निर्दोष सुटले. बिनतारी यंत्र परवान्यावाचून बाळगणे हा १९३३ च्या कायद्याने गुन्हा होता, तेव्हा यंत्र चालविणारा सापडला की शाबिती सोपी होती. ऐकणाऱ्या हजारोंचे काय करावयाचे, ह्याचे उत्तर सरकारपाशी नव्हते.

गोव्याचे उदाहरण हैदराबादशी अधिक जुळते. सालाझारच्या राजवटीत तेथे मुद्रणपूर्व तपासणी इतकी कडक होती की, समारंभाची निमंत्रणपत्रिकाही सेन्सॉरच्या शिक्क्यावाचून छापता येत नसे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ह्यांनी ‘स्वातंत्र्याचा आवाज’ ह्या अर्थाच्या पोर्तुगीज नावाचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले; आधी आंबोलीच्या रानातून, नंतर कॅसलरॉकच्या बाजूने, पोर्तुगीज व कोकणी भाषांत ते डिसेंबर १९६१ पर्यंत चालले. बोलणारी माणसे भारतीय हद्दीत होती, ऐकणारी पोर्तुगीज हद्दीत. पोर्तुगीज कायद्याने हा राजद्रोह. भारतीय कायद्याने परवान्याचा प्रश्न, आणि तो कोणी उपस्थित केला नाही. पुण्याच्या छापखान्यास मुंबई सरकारचे जे भय होते ते आंबोलीच्या केंद्रास नव्हते. कायद्याची कलमे सारखी असूनही, शेजारचे राज्य कोणाच्या बाजूस आहे ह्यावर कृत्याची सुरक्षितता अवलंबून राहते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागतीची घोषणा केली तीही नभोवाणीवरून. पुढे हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी भारत सरकारकडे आली, आणि ‘मराठवाडा’ पत्र औरंगाबादेतून, आपल्या मूळ नावाने, प्रसिद्ध होऊ लागले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना हैदराबाद राज्यासही लागू झाली. एका प्रदेशात छापलेले पत्र दुसऱ्या प्रदेशात येऊ न देण्याचा अधिकार सरकारला असावा काय, ह्या प्रश्नाचा निकाल आता देशातील सर्वोच्च न्यायालय देणार होते, आणि तो प्रसंग चार महिन्यांतच आला.

‘क्रॉस रोड्स’ हे मुंबईत छापले जाणारे इंग्रजी साप्ताहिक. मद्रास सरकारने १ मार्च १९५० च्या हुकुमाने मद्रास राज्यात त्याच्या प्रवेशास व प्रसारास बंदी केली. संपादक रमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० च्या निकालात न्या. पतंजली शास्त्री ह्यांनी बहुमताच्या वतीने असे प्रतिपादन केले की, भाषणस्वातंत्र्यात विचारांच्या प्रसाराचे स्वातंत्र्य अंतर्भूत आहे, आणि प्रसारावाचून प्रकाशनास मोल नाही. केवळ सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली अशी बंदी घालू देणारे मद्रास कायद्याचे कलम घटनाबाह्य आहे. न्या. फजल अली ह्यांचे मत विरुद्ध पडले. मद्रासच्या जागी हैदराबाद आणि मुंबईच्या जागी पुणे घातले तर वाघमारे ह्यांचाच खटला न्यायालयापुढे होता असे म्हणावयास हरकत नाही. सरकारने हा निकाल फार काळ टिकू दिला नाही, हेही नमूद केले पाहिजे : १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घटनेत आले, मात्र निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे ही अटही त्याबरोबर आली.

वाजवी म्हणजे काय, ह्याची कसोटी १९५७ साली लागली. पंजाबात हिंदी भाषेच्या आंदोलनाने वातावरण तापले असता राज्य सरकारने १९५६ च्या खास मुद्रण कायद्याखाली दोन प्रकारचे हुकूम काढले : पंजाबात छापल्या जाणाऱ्या पत्रांनी ह्या विषयावर दोन महिने काही छापू नये, आणि दिल्लीत छापलेली पत्रे पंजाबात आणूच नयेत. पत्रे होती ‘प्रताप’ आणि ‘वीर अर्जुन’. अर्जदार होते वीरेंद्र आणि के. नरेंद्र, औरंगाबादेत कैद झालेल्या महाशय कृष्णांचे पुत्र. सरन्यायाधीश सुधिरंजन दास ह्यांच्या पीठाने ६ सप्टेंबर १९५७ रोजी पहिल्या प्रकारचे कलम उचलून धरले आणि दुसरे रद्द केले. भेद असा केला की, पहिल्या हुकुमास मुदत होती आणि त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागण्याची सोय होती. प्रवेशबंदीच्या हुकुमास दोन्ही नव्हती. निजामाच्या बंदीहुकुमास हीच कसोटी लावली तर त्याचा निभाव लागत नाही, हे सांगणे नको. बापास तुरुंग मिळाला, मुलांस न्यायालय मिळाले. मध्ये अठरा वर्षे आणि एक राज्यघटना होती.

अलीकडच्या काळात हा जुना प्रश्न चलच्चित्रांच्या रूपाने परत आला आहे. इंटरनेटवरून घरोघरी पोहोचणारा चित्रपट एका देशात दिसतो आणि दुसऱ्या देशात दिसत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबास इकडची मालिका अडते आणि येथील प्रेक्षकास तिकडची. आपले ठिकाण दुसरीकडे आहे असे भासवून, व्ही.पी.एन. नावाच्या सोयीने, अनेक लोक ही अडवणूक ओलांडतात. ह्या दोन बंद्यांची गल्लत होऊ नये. प्रदेशवार विकलेल्या प्रक्षेपणहक्कांमुळे पडणारे कुंपण हे व्यापाऱ्याचे आहे. त्यामागे गश्ती नाही, करार आहे. ते ओलांडणारा बहुधा सेवेच्या अटी मोडतो, आणि त्याचे पर्यवसान खाते बंद होण्यात होऊ शकते. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली घातलेले ६५-अ हे कलम तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते खरे. पण हक्कभंग करण्याचा हेतू असला पाहिजे, ही त्याची अट आहे. पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या गावाहून पाहणाऱ्यास ते लागू पडते काय, ह्याविषयी वाद होऊ शकतो.

सरकारने घातलेल्या बंदीचे स्वरूप वेगळे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली मजकूर अडविण्याचे हुकूम निघतात. २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. त्यातील शिक्षा हुकूम न पाळणाऱ्या मध्यस्थासाठी आहे, वाचकासाठी किंवा प्रेक्षकासाठी नाही. निजामी बंदीशी तुलना करता हा भेद लहान नव्हे. मात्र तो सर्वत्र पाळला गेला असेही नाही : २०२० च्या आरंभी काश्मीर खोऱ्यात निवडक संकेतस्थळेच उघडी ठेवली असताना, व्ही.पी.एन. वापरून ती मर्यादा ओलांडणाऱ्यांविरुद्ध श्रीनगरच्या पोलिसांनी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविला. त्याच वर्षी १० जानेवारीस, ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन ह्यांच्या अर्जावर, इंटरनेटबंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असता कामा नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. मुदत आणि दाद, ह्या १९५७ च्या दोन अटी येथे पुन्हा ओळखू येतात.

भारतात व्ही.पी.एन. वापरणे सरसकट बेकायदा नाही. परंतु २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढून, ही सोय पुरविणाऱ्यांनी आपल्या ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा तपशील पाच वर्षे जतन करावा असे फर्माविले. त्यानंतर काही महिन्यांच्या आत अनेक परदेशी कंपन्यांनी आपली यंत्रे भारताबाहेर हलविली, आणि येथील ग्राहकांस ती सोय सरहद्दीपलीकडून पुरविण्यास आरंभ केला.